‘गॉट मिट उन्स’वरून साल ठरत नाही : जर्मन लष्करी पट्टा, बक्कल आणि काडतूसपेटी यांचा काळ कसा ठरवावा

सातारा जिल्ह्यातील एका वाचकांनी चार वस्तूंची छायाचित्रे आणि वर्णन पाठवून त्यांचा काळ विचारला आहे. पहिल्या तीन वस्तू त्यांचे आजोबा मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर गेले होते तेथून परत येताना त्यांनी आणल्या: काळा चामडी कमरपट्टा, गरुड आणि ‘गॉट मिट उन्स’ ही अक्षरे असलेले बक्कल आणि तीन कप्प्यांची एक काडतूसपेटी. चौथी वस्तू म्हणजे मुकुट असलेले पितळी बक्कल, जे वाचकांनी स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतले. एका जाणकार म्हणवणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांना सांगितले की, ‘गॉट मिट उन्स’ लिहिलेले बक्कल पहिल्या महायुद्धाचे असते, आणि मुकुटाचे बक्कल हिटलरच्या अधिकाऱ्याचे आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. मात्र ती का चुकीची आहेत हे पाहताना काळ ठरवण्याची सगळी रीतच समोर येते, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी निष्कर्ष सांगतो. आजोबांच्या तिन्ही वस्तू दुसऱ्या महायुद्धाच्या आहेत, पण त्या एकाच वर्षाच्या नाहीत: पट्टा १९४० चा, बक्कल त्याच सुमाराचे किंवा किंचित नंतरचे, आणि काडतूसपेटी १९४२ च्या आधीची नसावी. चौथ्या वस्तूची, म्हणजे मुकुटाच्या बक्कलाची, रचना जर्मन साम्राज्याच्या काळातील प्रशियन बक्कलाची आहे, म्हणजे हिटलरशी तिचा संबंध नाही. परंतु आपल्या हातातील नमुना त्या काळी घडवलेला आहे, याबद्दल मला गंभीर शंका आहे.

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी चामड्याच्या जुन्या वस्तूंचे जतन आणि दुरुस्ती करतो आहे, आणि या अवधीत नवशिक्यांची जी चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली ती म्हणजे पट्टा आणि बक्कल ही एकच वस्तू समजणे. जर्मन सैन्यात ते दोन वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या धंद्यांतील माणसांनी केलेले जिन्नस होते. पट्टा खोगीर आणि लगाम करणाऱ्या कारागिरांकडून येई; बक्कल बटणे आणि पदके पाडणाऱ्या धातूच्या कारखान्यांतून येई, आणि त्या धंद्याचे मोठे केंद्र वेस्टफालियातील ल्यूडेनशाइड हे गाव होते. शिपायाच्या हाती पडण्यापूर्वी ते दोन्ही कोठारात एकत्र येत. एकाचे हूक तुटले किंवा दुसऱ्याचा पत्रा वाकला की अर्धी जोडी बदलली जाई. त्यामुळे प्रत्येक भागाचा काळ वेगळा काढावा लागतो, आणि संपूर्ण जोडी केव्हा एकत्र आली असेल याचा विचार सर्वांत शेवटी, सर्वांत नव्या भागावरून करावा लागतो. आपल्याकडे पोलीस शिपायाच्या क्रमांकाला अजून ‘बक्कल नंबर’ म्हणतात, म्हणजे बक्कल ही माणसाची ओळख. जर्मन बक्कल मात्र माणसाची नव्हे, तर राज्याची आणि दलाची ओळख सांगते.

आता ब्रीदवाक्याकडे वळतो. ‘गॉट मिट उन्स’ म्हणजे ‘देव आमच्यासोबत आहे’. हे प्रशियाच्या राजघराण्याचे जुने ब्रीद असून १८४७ मध्ये प्रशियन पायदळाला नवे साहित्य मिळाले तेव्हापासून ते कमरेच्या बक्कलावर आहे. जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये स्थापन झाले तरी बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग यांच्या लष्करी प्रशासनाला बरीच स्वायत्तता होती, आणि ती बक्कलावर उमटलेली दिसते. बव्हेरियाच्या बक्कलावर ‘इन ट्रॉयं फेस्ट’, म्हणजे ‘निष्ठेत दृढ’, असे असते. सॅक्सनीच्या बक्कलावर ‘प्रोविडेन्सिए मेमोर’ हे लॅटिन वाक्य, म्हणजे ‘ईश्वरी योजनेचे स्मरण ठेवणारा’. व्युर्टेम्बर्गच्या बक्कलावर ‘फुर्ख्टलोस उंड ट्रेव’, म्हणजे ‘निर्भय आणि एकनिष्ठ’. आणि हेसेच्या बक्कलावर ‘देव, मान, पितृभूमी’ या अर्थाचे तीन शब्द. शेवटचा सम्राट १९१८ मध्ये गेला आणि त्याच्यासोबत मुकुटही गेला, परंतु प्रशियाचे ब्रीद मात्र टिकले: प्रजासत्ताकाच्या ‘राइश्सवेअर’ या सैन्याच्या बक्कलावर मुकुटाच्या जागी गरुड आला, आणि जानेवारी १९३६ मध्ये त्या गरुडाच्या पायाखाली नाझी चिन्ह देऊन नवे बक्कल मंजूर झाले, तेव्हाही वरची अक्षरे तीच राहिली. म्हणजे एकच वाक्य सुमारे शंभर वर्षे, राजा, प्रजासत्ताक आणि हुकूमशहा अशा तिघांच्या शिपायांच्या पोटावर होते. त्यावरून साल सांगणे म्हणजे ‘सत्यमेव जयते’ वाचून नाणे कोणत्या वर्षाचे हे सांगण्यासारखे आहे. वाक्याखाली काय आहे ते पाहावे. मुकुट असेल तर १९१८ पूर्वीचे, नुसता गरुड असेल तर दोन युद्धांमधले, आणि गरुडाच्या पायाखाली ते चिन्ह असेल तर १९३६ नंतरचे, अशी पहिली विभागणी होते. आपल्या आजोबांच्या बक्कलावर तिसरा प्रकार आहे, त्यामुळे ते पहिल्या महायुद्धाचे असणे अशक्य आहे.

येथे एक खुलासा करतो, कारण मराठी घरात हा प्रश्न नेहमी निघतो. त्या चिन्हाला जर्मन भाषेत ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणतात. आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी त्याचा आकार जुळतो, पण अर्थ जुळत नाही. वस्तू देवघराशेजारी मांडू नये, आणि पाहुण्यांना दाखवताना तिची खरी ओळख करून द्यावी, एवढेच सुचवतो.

दुसरी विभागणी धातूवरून होते, आणि तिच्यासाठी घरातले साधे चुंबक पुरते. साम्राज्यकाळातील प्रशियन शिपायाचे बक्कल पितळी पत्र्याचे असे आणि त्याच्या मधोमध मुकुट व ब्रीद असलेली पांढऱ्या मिश्रधातूची वेगळी चकती डाख देऊन बसवलेली असे. हा पांढरा धातू म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. युद्ध लांबले, पितळ तोफगोळ्यांसाठी हवेसे झाले, आणि १९१५ मध्ये एकाच पोलादी पत्र्यावर ठसा मारून, त्याला राखाडी रंग देऊन केलेले बक्कल आले. हा बदल आघाडीवर एका दिवसात झाला नाही. जुनी पितळी बक्कले अखेरपर्यंत वापरात होती, काहींवर सैनिकांनी किंवा कोठारांनी चकाकी घालवण्यासाठी रंग फासला. पुढे १९३० च्या दशकात पुन्हा सुबत्ता आली तेव्हा ॲल्युमिनियमची बक्कले पडू लागली, आणि १९४० च्या सुमारास विमानांसाठी ॲल्युमिनियम राखून ठेवण्याची वेळ आल्यावर कारखाने पुन्हा पोलादाकडे वळले. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मनचे भांडे’ म्हणत. त्या अर्थाने पाहिले तर १९३६ ते १९४० च्या दरम्यानचे जर्मन बक्कल शब्दशः ‘जर्मनचे’ असते. आपल्या बक्कलाला चुंबक चिकटते आणि कोपऱ्यांत हिरवट राखाडी रंगाचे पापुद्रे शिल्लक आहेत. नाझी चिन्ह आणि पोलाद या दोन गोष्टी एकत्र आल्या की १९४० किंवा त्यानंतरचा काळ सर्वाधिक संभवतो.

बक्कलाची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा अधिक बोलते. पुढची बाजू रस्त्यावरच्या लोकांनी पाहण्यासाठी होती, मागची कोठाराच्या कारकुनाने वाचण्यासाठी. आणि कारकुनासाठी लिहिलेल्या मजकुरात खोटेपणा करण्याचे कारण तेव्हा कोणाला नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या बक्कलांना मागे एक लहान चामडी जीभ असे, म्हणजे धातू अंगाला घासू नये. तिच्यावर पुष्कळदा कारखान्याचे नाव आणि साल दाबून उमटवलेले असते. साधारण १९४१ नंतर ही जीभ देणे बंद झाले. आपल्या बक्कलाला ती नाही. पण येथे सावध राहावे: जीभ असणे हा पुरावा आहे, नसणे हा तितका पक्का पुरावा नव्हे, कारण ऐंशी वर्षांत ती कुजून किंवा फाटून गेलेली असू शकते. म्हणूनच मी या बक्कलाला ‘१९४२ चे’ न म्हणता ‘१९४० किंवा किंचित नंतरचे’ म्हणतो.

मागच्या पत्र्यावर कारखान्याचे नाव, आद्याक्षरे किंवा लहानसे चिन्ह असते. ते अंधुक असल्यास दिवा बाजूने, अगदी आडवा धरून छायाचित्र घ्यावे. समोरून घेतलेल्या प्रकाशात ठसा बुजतो. नाव मिळाले तर काही वेळा इतिहासच तारीख देऊन जातो. उदाहरणार्थ, व्हिएन्नाच्या ‘ब्रूडर श्नायडर’ या कारखान्याचा ठसा असलेले जर्मन सैन्याचे बक्कल मार्च १९३८ च्या आधीचे असणार नाही, कारण ऑस्ट्रिया तेव्हा जर्मनीला जोडला गेला. याउलट ‘आरझेडएम’ अशी अक्षरे असलेला गोल शिक्का दिसला तर ती वस्तू नाझी पक्षाच्या संघटनांसाठी केलेली असते, सैन्यासाठी नव्हे. सैन्याच्या गरुडाच्या बक्कलामागे हा शिक्का आढळला तर वस्तू खाली ठेवून विक्रेत्याला नमस्कार करावा हे उत्तम.

आता पट्टा. आपण लिहिता की हुकाजवळ आतल्या बाजूस ‘१००’ आणि ‘१९४०’ हे आकडे आहेत आणि एक नाव झिजून गेले आहे. ‘१००’ हे पट्ट्याचे माप आहे, सेंटिमीटरमध्ये. व्यापारी पुष्कळदा त्याला पलटणीचा क्रमांक म्हणून विकतात. ‘१९४०’ हे पट्टा तयार झाल्याचे वर्ष, आणि झिजलेले नाव कारखान्याचे व गावाचे. हा नमुना आपल्याकडे आहे हे चांगले, कारण १९४२ च्या सुमारापासून नावाऐवजी सरकारी क्रमांक येऊ लागला: आधी शून्य, मग तिरकी रेघ, मग चार आकडे, पुन्हा तिरकी रेघ आणि पुन्हा चार आकडे. हा प्रत्येक कारखान्याला दिलेला क्रमांक असून त्यात वर्ष नसते. आपल्या काडतूसपेटीच्या मागे नेमका असाच क्रमांक आहे, आणि म्हणूनच ती १९४२ च्या आधीची नसावी असे मी म्हटले. शस्त्रसामग्री आणि पिस्तुलाच्या म्यानांसाठी आणखी एक पद्धत होती, तीन लहान अक्षरांच्या सांकेतिक खुणेची. ‘जीएक्सवाय’ ही खूण ड्रेस्डेनच्या क्लिंगं बंधूंची. पट्ट्यावर मात्र नाव किंवा तो लांब क्रमांक हेच अधिक भेटते.

पट्ट्याची रुंदी साधारण साडेचार सेंटिमीटर असावी, आणि ती पट्टीने मोजावी, छायाचित्रावरून अंदाज करू नये. एका टोकाला धातूचे हूक, दुसऱ्या टोकाच्या आत भोकांच्या दोन रांगा असलेली चामडी पट्टी, आणि त्या भोकांत बक्कलाचे दोन काटे अडकतात. बक्कल असे पुढेमागे सरकवून कमरेचा घेर जमवता येई. भोके पाहिली की वापरणारा माणूस दिसतो. एकाच जोडीच्या भोकांभोवती चामडे ताणलेले आणि काळवंडलेले असेल, तर पट्टा एका माणसाने बराच काळ वापरला. सगळी भोके सारखीच ताजी असतील आणि बाहेरून मात्र पट्टा झिजून पांढरा पडलेला असेल, तर ती झीज पॉलिश पेपरने आणलेली असण्याचा संभव मोठा.

पहिल्या महायुद्धाच्या पट्ट्यांवर वेगळी लिपी असते, आणि ती मला स्वतःला फार आवडते. साम्राज्यात प्रत्येक सैन्यकोराला (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या सैन्यविभागाला) आपले कपडे-साहित्याचे कार्यालय होते, ‘बेक्लाइडुंग्सआम्ट’, त्याची ‘बी. ए.’ ही आद्याक्षरे, मग कोराचा क्रमांक रोमन आकड्यांत आणि मग साल असा शिक्का चामड्यावर दाबलेला असतो. रोमन चौथा असेल तर माग्डेबुर्ग, सहावा असेल तर ब्रेस्लाऊ, दहावा असेल तर हानोफर. यातही तारखेचे कुलूप सापडते: विसावा आणि एकविसावा कोर ऑक्टोबर १९१२ मध्ये उभे राहिले, त्यामुळे ते क्रमांक असलेला शिक्का त्याआधीच्या सालासह दिसला तर तो नंतर कोणीतरी मारलेला आहे. रंगानेही मदत होते. राखाडी गणवेश आल्यावर चामडे नैसर्गिक तपकिरी ठेवण्याची पद्धत पडली होती, पण १९१५ मध्ये ते काळे करण्याचा आदेश निघाला. म्हणून १९१४ चा शिक्का असलेल्या वस्तूवर बाहेरून काळा रंग आणि आत, शिवणीच्या खाली किंवा लूपच्या आड, मूळचा तांबूस तपकिरी रंग दिसला तर आनंदच मानावा. तो दोष नसून त्या वस्तूने पाहिलेल्या युद्धाचीच नोंद आहे. पुढे नाकेबंदीमुळे चामडे मिळेना तेव्हा कागदी धाग्याच्या विणलेल्या पट्ट्यांपर्यंत पाळी आली. ते पट्टे आज फार कमी उरले आहेत, कारण पाणी लागले की ते संपत.

काडतूसपेटीबद्दल थोडक्यात. तीन कप्प्यांची ही रचना १९११ च्या नमुन्याची असून ती दोन्ही महायुद्धांत चालली, त्यामुळे नुसत्या आकारावरून काळ सांगता येत नाही. प्रत्येक कप्प्यात पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या, म्हणजे एका पेटीत तीस गोळ्या. शिपाई अशा दोन पेट्या बाळगी. दुसऱ्या महायुद्धाच्या पेट्यांवर दाणेदार काळे चामडे अधिक दिसते. आरंभीच्या वर्षांत मागची कडी आणि टिकल्या ॲल्युमिनियमच्या, नंतर रंग दिलेल्या पोलादाच्या. आणि युद्धाच्या उत्तरार्धात जिथे आधी शिवण होती तिथे रिव्हेट दिसू लागतात, कारण शिवणीपेक्षा ते लवकर होते. आपल्या पेटीत रिव्हेट पोलादी आहेत आणि त्यांच्याभोवती गंजाचे तपकिरी वर्तुळ चामड्यात मुरलेले आहे. ते क्रमांकाशी जुळते.

खरे-खोटे ठरवताना मी चामड्याच्या कापलेल्या कडेपासून सुरुवात करतो. जर्मन लष्करी पट्ट्यांचे जाड चामडे झाडाच्या सालीतील कषायद्रव्याने कमावलेले असे, जसे आपल्याकडे बाभळीच्या सालीने कमावतात. अशा चामड्याची कड आतून तपकिरी दिसते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचा गाभा पुष्कळदा निळसर किंवा हिरवट राखाडी असतो. तो पट्ट्याच्या कडेत दिसला तर नव्या नकलेचा संशय घ्यावा. दुसरी पायरी शिक्क्याची. जुन्या शिक्क्याच्या खळग्यात तळाशीही तोच रंग, तीच धूळ आणि तीच चकाकी असते जी आजूबाजूच्या चामड्यावर असते. अलीकडे मारलेल्या शिक्क्याच्या तळाशी भिंगातून पाहिले तर चामड्याचे ताजे, फिकट तंतू दिसतात, किंवा जुन्या पृष्ठभागावरच्या भेगा खळग्याच्या काठाशी तुटलेल्या दिसतात. मूळ शिक्का भेगेच्या आधीचा असतो, त्यामुळे भेग त्याच्यातूनही जाते. हा एक नियम मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांकडून पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतो.

तिसरी पायरी धाग्याची, आणि येथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. अतिनील दिव्याखाली आजचा पॉलिस्टर धागा बहुधा निळसर पांढरा चमकतो, कारण त्यात घातलेली उजळपणाची रसायने युद्धानंतर सर्वत्र वापरात आली. जुना तागाचा मेण लावलेला धागा तसा चमकत नाही. या ज्ञानाच्या जोरावर, धंद्यात पडून चारपाच वर्षे झाली असताना, मी एका कुटुंबाचा पट्टा पाच मिनिटांत बनावट ठरवला, कारण हुकाजवळचे टाके झगझगीत चमकत होते. पुढे तीच वस्तू दुसऱ्या कामासाठी पुन्हा माझ्या टेबलावर आली, तेव्हा सगळी शिवण इंच इंच पाहिली: चमकणारे टाके फक्त आठ होते, बाकी सारे तागाचे, आणि त्या आठ टाक्यांखाली जुनी भोके तशीच होती. गावच्या मोच्याने कधीतरी हूक पुन्हा शिवून दिले होते. दुरुस्ती म्हणजे बनावट नव्हे. तेव्हापासून मी दिवा शेवटी लावतो आणि एका जागेवरून निकाल देत नाही. आपल्या पट्ट्याच्या हुकाजवळचे टाकेही छायाचित्रात बाकीच्यांपेक्षा जाड वाटतात, म्हणून ही गोष्ट लिहिली.

चौथी वस्तू, मुकुटाचे बक्कल. आपण लिहिता की ते ‘भरीव आणि चांगले जड’ आहे आणि चुंबक चिकटत नाही. चुंबक न चिकटणे योग्यच आहे, पण भरीवपणा हीच माझी शंका. खरे प्रशियन बक्कल पत्र्याचे असते. पुढे जो उठाव असतो त्याचा मागच्या बाजूस खोलगट साचा दिसतो किंवा मागे डाखाचे ओघळ दिसतात, कारण चकती वेगळी बसवलेली असते. वाळूच्या किंवा मेणाच्या साच्यात ओतलेल्या नकलेची मागची बाजू सपाट, किंचित खरखरीत असते, तिच्यावर बारीक छिद्रे दिसतात, आणि चकती व चौकट एकाच धातूची असल्यामुळे चकतीला फक्त वरवर पांढरा मुलामा दिलेला असतो. मुकुटाच्या कमानींच्या मधल्या जागेत भिंगाने पाहावे: ठशाच्या कामात त्या कडा धारदार येतात, ओतकामात त्या वितळलेल्या मेणबत्तीसारख्या मऊ. मागच्या बाजूचे आणि चकतीच्या कडेचे, बाजूच्या प्रकाशातले, अशी दोन छायाचित्रे पाठवावीत. अधिकाऱ्याचे म्हणाल तर तो प्रश्नच उद्भवत नाही. साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा पट्टा चंदेरी जरीचा असून त्याचे बक्कल गोल असे आणि त्यावर राजाची आद्याक्षरे असत. हिटलरच्या काळातील सैन्याधिकारी रोजच्या कामात रुंद तपकिरी पट्टा दोन काट्यांच्या उघड्या चौकटीच्या बक्कलासह घालत, ज्यावर ना मुकुट असे ना अक्षरे, आणि समारंभासाठी १९३७ पासून त्यांनाही जरीचा पट्टा मिळाला.

चौकटीच्या बक्कलांवरचे इतर प्रकार ओळखीपुरते सांगतो. हवाई दलाचा गरुड उडता असतो आणि त्याच्यावर ब्रीद नसते. ‘माइनं एअरं हाइस्ट ट्रॉयं’ हे एसएस या नाझी निमलष्करी दलाचे वाक्य, ‘ब्लूट उंड एअरं’ हे हिटलरच्या युवक संघटनेचे. आणि या दोन्हींच्या नकला बाजारात इतक्या आहेत की, घराण्याचा पक्का माग नसेल तर मी त्या हातात घेण्याचेही टाळतो. ‘आइनिगकाइट, रेख्ट, फ्राइहाइट’, म्हणजे ‘ऐक्य, न्याय, स्वातंत्र्य’, असे वाचले तर ते १९५५ नंतरच्या पश्चिम जर्मन सैन्याचे, आणि हातोडा व कंपास दिसला तर पूर्व जर्मनीचे. हे शेवटचे दोन प्रकार ‘महायुद्धाचे’ म्हणून सर्रास खपवले जातात.

आपल्या आजोबांच्या वस्तूंचे खरे मोल मात्र ठशांत नाही, ते त्यांच्या प्रवासात आहे. इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी जर्मनांसमोर प्रत्यक्ष उभ्या होत्या: नाईक यशवंत घाडगे यांना अपर टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजीच्या पराक्रमासाठी मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजीच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४० चा पट्टा, त्याच सुमाराचे पोलादी बक्कल आणि क्रमांकाची काडतूसपेटी ही सरमिसळ त्या आघाडीवरच्या, चार वर्षे जुने साहित्य वापरणाऱ्या जर्मन शिपायाकडे अगदी अपेक्षित आहे. कोणी एकाच वर्षाचे, चकचकीत, जुळलेले संच दाखवले असते तर मला जास्त विचार करावा लागला असता. आजोबांचे सेवापुस्तक किंवा निवृत्तीचा कागद घरात असेल तर शोधावा, पलटणीचा क्रमांक आणि साल लिहून घ्यावे, त्यांनी वस्तूंबद्दल जे सांगितले ते घरातील सर्वांत वयस्क माणसाकडून आजच ध्वनिमुद्रित करावे आणि प्रत वस्तूंसोबत ठेवावी. कागद पट्ट्याला चिकटवू नये, भोक पाडून दोरीने बांधूही नये.

जतनाबाबत सर्वांत महत्त्वाची विनंती अशी की, काही लावू नका. खोबरेल, एरंडेल, बूट पॉलिश, खोगिराचा साबण, यांतले काहीही नको. तेलाने चामडे दोन दिवस छान दिसते आणि पुढे काळे पडून धूळ व बुरशी ओढते. पितळी किंवा तांब्याच्या भागांभोवती जो हिरवा मेणचट थर येतो तो चामड्यातील स्निग्धांश आणि तांबे यांच्या संयोगातून होतो, आपल्याकडे पितळेच्या भांड्यात ताक कळकते त्याचाच हा चुलतभाऊ. तो लाकडी दातकोरण्याने हलकेच खरवडावा, धातूच्या टोकाने नाही, आणि चिंच, लिंबू वगैरे मुळीच लावू नये. पट्ट्यावर पांढरी पूड दिसली तर घाबरू नये: केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब दुरून दिल्यावर ती विरघळून नाहीशी झाली तर तो वर आलेला स्निग्धांश आहे, न विरघळता राहिली आणि कुबट वास आला तर बुरशी. कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेर, नाकावर मास्क लावून ती झाडावी. चामडे स्पर्शाने तांबड्या पुडीसारखे झडत असेल तर ते रासायनिकरीत्या कुजते आहे. अशा वस्तूला घरी हातच लावू नये, ती जतनकाराकडे न्यावी. सातारा-महाबळेश्वर भागातील पावसाळा चामड्याचा वैरी आहे. प्लास्टिकच्या पिशवीत न गुंडाळता धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात, सैल वेटोळे करून, बक्कल पट्ट्यापासून वेगळे काढून ठेवावे, आणि जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा उघडून पाहावे.

विकण्याचा किंवा परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जर्मनीत नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन आणि प्रसार फौजदारी संहितेच्या ८६ अ कलमाखाली दंडनीय आहे, शिक्षण व संशोधन यांसारखे अपवाद सोडून. त्यामुळे त्या देशातील विक्रीच्या छायाचित्रांत ते चिन्ह झाकलेले दिसते. भारतात १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. आजोबांच्या वस्तू अजून त्या वयाच्या नाहीत. मुकुटाचे बक्कल खरे निघाले तर मात्र ते आहे. म्हणून त्याची ती दोन छायाचित्रे आधी पाठवा, आणि तोवर त्याला ब्रासो लावू नका.